विणून आणा, मग बघू

मथुराक्कांच्या दुकानात एका फळीवर खडूने लिहिलेलं असायचं : ‘विणायला घेतलेली लोकर परत घेऊ. न विणलेली परत घेणार नाही.’ नवीन गिऱ्हाईक ते दोनदा वाचायचं आणि लिहिणारीचं काहीतरी उलटंपालटं झालं असावं असं समजून आत शिरायचं. मीही तशीच आत गेले होते, आणि तणतणत बाहेर आले होते.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कचेऱ्या उघडत होत्या. टेबलं कमी आणि माणसं जास्त अशी अवस्था. मी मूळची कंधारची, त्यातल्याच एका कचेरीत कारकून म्हणून लागले आणि गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत खोली घेऊन राहिले. आक्कांचं दुकान त्याच गल्लीत. लोकर, सुया, भरतकामाचे दोरे, मणी, टिकल्या. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. पहिल्या पगारानंतर मी तिथून पिवळ्याधमक लोकरीचे सहा गुंडे आणले. दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या एकीने सांगितलं की हा रंग तुला मुळीच खुलायचा नाही. झालं. संध्याकाळी मी गुंडे घेऊन आक्कांच्या दारात.

आक्कांनी गुंडे उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, “हात लावला का?”

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं की कागदसुद्धा काढलेला नाही.

“मग कसं घ्यावं? ज्याला हातच लावला न्हाई त्ये वाईट हाय हे तुमाला कुणी सांगितलं? विणून आणा, मग बघू.”

मी भांडले. जगात कुठल्याही दुकानात असं नसतं, हे सांगितलं. जिल्ह्याच्या कचेरीत असते, हेही सांगितलं. त्या वयात ते सांगायची मला फार हौस होती. आक्कांवर काडीचा परिणाम झाला नाही. त्यांनी मला बसायला पाट दिला, गुंडे परत पिशवीत घातले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. ‘पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही’ असं ठरवून मी घरी आले. महिनाभरानंतर चढलेच, कारण साध्या सुया मिळणारं जवळपास दुसरं दुकान नव्हतं.

मग हळूहळू त्यांची रीत कळत गेली. कोणी अर्धा पाठभाग विणून, बाहीचा मुंडा चुकवून, रडकुंडीला येऊन आलं की आक्का ते बाड मांडीवर घ्यायच्या. चूक कुठे झाली ते बोटाने दाखवायच्या. शिकायची तयारी असली तर तिथेच शिकवायच्या. नसली तर विणलेलं सगळं उसवून गुंडा करायच्या आणि नवी लोकर द्यायच्या. ती उसवलेली लोकर शिकणाऱ्या पोरींना स्वस्तात जायची. कोणी खजील झालं की त्यांचं एकच वाक्य असे : “चुकलं म्हंजी केलं की. न करणाऱ्याचं काय चुकतंय?”

त्या निलंग्याकडच्या, लिंगायत घरातल्या. बोलण्यात मधूनच कानडी शब्द डोकावायचा. त्यांच्या नवऱ्याला सगळी गल्ली अप्पा म्हणायची; ते एस.टी.त कंडक्टर. दिवसभर एस.टी.त ओरडून घरी आल्यावर ते फारसे बोलत नसत. घरात बोलायचं काम आक्कांकडे होतं आणि त्या ते चोख करत.

दुसऱ्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. विहिरी आटल्या. आमच्या गल्लीत एक दिवसाआड टँकर यायचा आणि घरटी आठच घागरी मिळायच्या. त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुजाताचं लग्न ठरलं. आम्ही बौद्ध, आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. विकतची झगमगीत साडी परवडणारी नव्हती आणि मला भरतकामाची खुमखुमी होती. मी साधी पांढरी साडी घेतली, आक्कांकडून निळ्या दोऱ्याच्या लड्या आणल्या आणि तीन महिने कचेरीतून आल्यावर काठ भरत बसले. पिंपळपानांची एक सबंध वेल. आयुष्यात मी इतकं चांगलं काही केलं नव्हतं.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा, रविवारी सकाळी, इस्त्रीआधी म्हणून साडी एका पाण्यातून काढली. दोन मिनिटांत पांढऱ्यावर निळे ओघळ. साडी बाहेर काढली तर बोटंही निळी. मग राग आला. तशीच ओली साडी बादलीत कोंबली आणि भर बाजारातून बादली हलवत आक्कांकडे गेले. आता बघतेच कशी परत घेत नाही ते.

भांडणाची सगळी वाक्यं वाटेत तयार करून ठेवली होती. एकही लागलं नाही. आक्कांनी बादलीत पाहिलं, दोरा चिमटीत धरून चोळला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“रंगाऱ्यानं पाणी वाचिवलं की वो बाई. रंगवल्यावर चार पाण्यांतनं काढाया लागतंय, त्यानं एकातच काढलं असंल. वाळू दिली न्हाई हे बरं केलं तुमी. या आत.”

दुकान तसंच उघडं टाकून त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. आदल्या दिवशीच टँकर येऊन गेला होता. कोपऱ्यातला रांजण काठोकाठ होता. घमेल्यात साडी पसरून, मूठभर मीठ टाकून त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, “घ्या पाणी. घागर बुडवा रांजणात.”

मी थांबले. आमच्या घरात दुसऱ्याच्या रांजणाच्या आठवणी काही चांगल्या नाहीत. आई लहानपणी पाणवठ्यावर कुणीतरी वरून ओतेपर्यंत उभी राहायची, ते तिने आम्हाला कधी रागाने सांगितलं नाही, पण सांगितलं होतं. शिक्षण झालं, नोकरी लागली, तरी परक्याच्या घरी मी आपण होऊन पाण्याला हात लावत नसे. मी कोण हे आक्कांना ठाऊक होतं. पांढऱ्या साडीबद्दल मीच सांगितलं होतं.

“माझे हात रंगात हायेत,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तुमीच घ्या. आन घागर भरून घ्या, तांब्यानं काय होतंय?”

मी घागर बुडवली. पहिलं पाणी शाईसारखं निघालं. दुसरं, तिसरं. आक्का साडी पिळायच्या नाहीत, नुसती पाण्यात खालीवर करायच्या. सातव्या पाण्याला रांजणाचा तळ दिसला आणि साडी पांढरी झाली. काठाची पानं थोडी फिकट पडली होती, इतकंच.

तेवढ्यात अप्पा ड्युटीवरून आले. त्यांनी रिकामा रांजण पाहिला, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि चहा मिळेल का असं विचारलं. आक्कांनी सांगितलं की उद्या टँकर आला की मिळेल. मग त्यांना बसवून, ती निळी लडी कोणी कोणी नेली होती त्यांची नावं लिहून घ्यायला लावली. वहीबिही काही नव्हती, सगळं तोंडपाठ. औशाच्या शिवणवर्गाच्या बाई, निलंग्याची एक सून, अशी अकरा नावं. अप्पांनी दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक स्टँडवर निरोप दिले : दोरा धुऊ नका, आणून द्या. दुकानात उरलेल्या निळ्या लड्या विकायच्या नाहीत म्हणून आक्कांनी वर बांधून ठेवल्या.

सुजाता ती साडी नेसून उभी राहिली तेव्हा आईने काठावरून हात फिरवला आणि विचारलं की इतकी धुतलीस कशी, पाणी कुठलं? मी सांगितलं. आईने सुजाताच्या निऱ्या नीट केल्या. मग म्हणाली की त्या बाईंसाठी लग्नातलं गोड घेऊन जा. मी नेलं. आक्कांनी ते माझ्यासमोर बसून खाल्लं आणि बुंदीत वेलची कमी पडली असा शेराही मारला.

पुढे अप्पा निवृत्त झाले आणि दोघं मुलाकडे नांदेडला गेली. जाण्याआधी मी मुद्दाम ते सहा पिवळे गुंडे घेऊन गेले. दुकान जवळजवळ रिकामं होतं.

“हात लावला का?” आक्कांनी विचारलं.

“नाही.”

“मग न्या परत,” असं म्हणून त्या खळखळून हसल्या. काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं.

मी लातूरलाच राहिले. आता निवृत्त झाले आहे आणि ती पिवळी लोकर शेवटी विणायला घेतली आहे, सुजाताच्या नातीसाठी. परवा मुंडा चुकला. दोनदा मोजून पाहिलं, जमेना. विणकाम पिशवीत घातलं, चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि गल्लीत चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की जायला आता जागा नाही.

परत आले. थोडं रडले. मग चहा टाकला आणि अकरा ओळी उसवल्या.