टणकाचा उतार

अक्ताऊत पत्ता विचारला की उत्तरात आकडे येतात. कितवा विभाग, कितवी इमारत, कितवं घर. रस्त्यांना नावं द्यायचं शहर वसवणाऱ्यांना सुचलं नाही, आणि लोकांचंही त्यावाचून काही अडलं नाही. लोकांच्या तोंडात बसलेलं नाव होतं ते एकाच जागेला. कास्पियनच्या काठावरच्या बागेकडे जो उतार जातो, त्याच्या मध्यावर गाड्या लावायचं एक खडकाळ मैदान आहे. त्याला सगळे टणक म्हणत. "टणकावर गाडी लावा आणि पायी खाली या," एवढं सांगितलं की नवखा माणूससुद्धा चुकत नसे.

हे नाव पडलं उलमेकेनमुळे. त्याचं तिला आयुष्यभर हसू आलं. रडू आलं ते अगदी शेवटी.

उस्त्युर्तच्या माळावरून ती लग्न होऊन इथे आली तेव्हा शहराचं नाव शेवचेन्को होतं. सुटीच्या दिवशी माणसं साइडकारच्या मोटारसायकलींवर बायकापोरं, कलिंगड आणि चहाचा सामोवार लादून समुद्रावर यायची. तिचे सासरे त्या मैदानाचे राखणदार. पहारीने खडक फोडून त्यांनी ते सपाट केलं होतं. ज्या गावात गोडं पाणी समुद्राच्या पाण्यातून काढावं लागतं, तिथे बादलीबादलीने पाणी घालून त्यांनी कडेने जिदाची झाडं जगवली होती. लोक तेव्हा त्या जागेला सासऱ्यांच्याच नावाने ओळखायचे. गाडी आली की ते स्वतः हात करून ती लावून घ्यायचे. वाऱ्याने दार उखडू नये म्हणून तोंड चढाकडे, शेपूट समुद्राकडे, आणि चाकाखाली दगड. दगडाशिवाय कुणी गाडी सोडून गेला तर म्हातारा त्याला पोहायच्या कपड्यांत परत बोलावून आणायचा.

आता गंमत अशी की सासऱ्यांचं नाव तासबोलात. तास म्हणजे दगड, आणि बोलात म्हणजे आपलं पोलाद. कझाक सुनेने सासरच्या थोरांचं नाव तोंडात आणायचं नाही. नावच काय, नावातला शब्दही उच्चारायचा नाही. म्हणजे उलमेकेनला दगड म्हणायची चोरी, आणि तीही अशा किनाऱ्यावर, जिथे दगडाशिवाय दुसरं काही नाही. तिने दगडाला 'टणक' म्हणायला सुरुवात केली. बुटात टणक गेला, चुलीला तीन टणक हवेत, टणकावर आपटून पाय फुटला. सासूबाई भारी खट. मुद्दाम विचारायच्या, "अंगणात ते काय पडलंय गं?" उलमेकेन शांतपणे म्हणायची, "जे पडलंय ते उचलते मी, एने."

पहिल्याच उन्हाळ्यात ती सासऱ्यांसाठी चहा घेऊन मैदानावर आली, तेव्हा एक मॉस्कविच मोटार मागे घरंगळायला लागली होती. मालक बाहेर उभा राहून कलिंगड कापत होता, आणि सासरे दुसऱ्या टोकाला. उलमेकेन जिवाच्या आकांताने ओरडली, "टणक लावा! अहो, चाकाखाली टणक!" टणक म्हणजे काय हे कुणाच्या बापाला ठाऊक! माणसं तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मॉस्कविच मागल्या मागे जिदाच्या झाडावर जाऊन आदळली. झाड वाकलं, पण गाडी वाचली. मालकाने तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली. सासरे धावत आले, काय झालं ते ऐकलं आणि खाली बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"तुझी गाडी ठोकू दिली, पण माझं नाव धुळीत पडू दिलं नाही हिने," ते मालकाला म्हणाले. "अशी सून तुझ्या घरी आहे का ते सांग, मग भांड."

ती गोष्ट गावभर झाली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लहानथोर सगळे त्या जागेला टणक म्हणू लागले. उलमेकेन लाजेने अर्धमेली व्हायची. सासऱ्यांना मात्र त्याचा कोण अभिमान. ते वाकडं झाड त्यांनी कधी सरळ बांधलं नाही.

पुढे सासऱ्यांचे गुडघे गेले तेव्हा मैदान तिच्याकडे आलं. नवरा तेलविहिरींवर, महिना महिना बाहेर. डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळून ती तशाच खुणा करायची, तोंड चढाकडे, शेपूट समुद्राकडे, आणि ड्रायव्हर तिला आपा म्हणायला लागले. अंथरुणाला खिळल्यावर सासरे एकदा म्हणाले, "आता घेतलंस नाव तरी चालेल, सूनबाई. मी रागावणार नाही." ती म्हणाली, "तुम्ही रागवायचं नाही म्हणता, अता, पण जीभ कुठे ऐकतेय?" तेव्हाही ते हसले. मग ते गेले, सासूबाई गेल्या, नवराही गेला. त्या घरात ते नाव उच्चारू शकणारं कुणी उरलं नाही, आणि बाहेर तर सगळे टणकच म्हणत होते.

मग बाग नव्याने सजवायचं ठरलं. मैदानावर डांबर, पांढरे पट्टे, आपोआप वर जाणारा दांडा. आपाची गरज उरली नव्हती. तिला त्याचं फारसं दुःखही नव्हतं, गुडघे तिचेही बोलायला लागले होते. फलकावर जागेचं नाव घालायचं म्हणून नगरपालिकेच्या कार्यालयातून मेरुयेर्त नावाची मुलगी आली, आणि दिसेल त्याला विचारत सुटली. जो तो म्हणाला, टणक.  ज्यांच्या मानासाठी उलमेकेनने जन्मभर जीभ आवरली, त्यांचंच नाव तिने आपल्या हाताने पुसून टाकलं होतं.

तिने मुलीला शशलिकवाल्या इद्रिसकडे नेलं. हा दागेस्तानचा गडी सासऱ्यांच्या वेळेपासून तिथे मांस भाजत होता. ती म्हणाली, "ही जागा ज्यांनी केली त्यांचं नाव सांग हिला."

इद्रिसने कपाळ चोळलं. "तास... तासतेमिर. हो, तासतेमिरच." तेमिर म्हणजे लोखंड.

मेरुयेर्तने ते लिहून घेतलं आणि निघाली. उलमेकेनने तिचा दंड धरला. मान हलवून नाही म्हणाली. मग काय, असं मुलीने विचारलं तर हिचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. सासऱ्यांनी परवानगी दिली होती. घरात ऐकायला कुणी नव्हतं. तरी शब्द दातांपाशी येऊन थांबत होता.

शेवटी तिने इद्रिसची सुरी उचलून त्या पोरीपुढे धरली. "ही कशाची आहे?"

"लोखंडाची," मुलगी घाबरून म्हणाली.

"लोखंड असतं तर पहिल्याच बरगडीवर वाकली असती."

"पोलादाची मग." मुलगी थांबली. डोळे मोठे करून म्हणाली, "तासबोलात?"

किती वर्षांनी ते नाव त्या उतारावर कुणी उच्चारलं होतं. उलमेकेनने सुरी खाली ठेवली, रुमाल सारखा केला, आणि घरात वडीलधारं माणूस आल्यावर सून वाकते तशी गुडघ्यावर हात ठेवून वाकली. समोर शशलिकचा धूर आणि रिकामं मैदान. तिला हुंदका आवरेना. इद्रिस आपला पुटपुटला, "नावात धातू आहे, एवढं तरी मी बरोबर सांगितलं होतं."

फलक लागला. वाकड्या जिदाशेजारी, ठळक अक्षरांत. दांडाही आपोआप वर जायला लागला. पण उलमेकेन रोज सकाळी चहाची बाटली घेऊन तिथल्या बाकावर येऊन बसते. नवी गाडी आली, ड्रायव्हर उतरला, की त्याला हाक मारते.

"बाळा, त्या फलकावर काय लिहिलंय रे? मला मेलीला दिसत नाही."

तिचे डोळे घारीसारखे आहेत हे इद्रिसला माहीत आहे. तो मांस परतत राहतो. ड्रायव्हर मोठ्याने वाचतो, आणि आपा बाकावरून उठून उभी राहते.