सांगितलं होतं, सर

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी लातूरला आत्याकडे राहिलो. आमचं गाव देवणीकडचं. डॉक्टर व्हायचं म्हणून वडिलांनी मला क्लासला घातलं आणि आत्याच्या हवाली केलं. आत्याचं घर आणि नवरा, दोन्ही भूकंपात गेले होते. लातूरला येऊन तिनं आधी लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. पुढं शहरात क्लासेसचं पेव फुटलं, तशी ती बाहेरगावच्या पोरांना डबे द्यायला लागली. मी आलो तेव्हा तिचे चाळीसेक डबे होते.

पोरं महिन्याचे पैसे रोख द्यायची आणि ती दर सोमवारी बँकेत भरून पासबुक छापून आणायची. मला त्याचं हसू यायचं. आम्ही क्लासची पोरं चहापासून झेरॉक्सपर्यंत सगळं मोबाईलवर द्यायचो. ते पैसे कुठून कुठं जातात, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच कधी पडला नव्हता. स्क्रीनवर हिरवी खूण आली की झालं.

मीच तिच्या मागं लागून स्मार्टफोन घ्यायला लावला. ॲप टाकलं, पिनही मीच ठरवला आणि स्कॅनरचा कागद भिंतीवर चिकटवला. पोरं खूश झाली. आत्या मात्र प्रत्येक वेळी विचारायची, "आले का रं खरंच?" मी चिडायचो.

एका रविवारी दुपारी फोन आला. एका होस्टेलला तीस डबे हवेत, महिन्याचे पैसे आगाऊ देतो, असं तो माणूस गोड आवाजात म्हणाला. आत्याचे हात पिठात होते, म्हणून मी बोललो. त्यानं एक कोड पाठवला. तो स्कॅन करा, पिन टाका, लगेच पैसे जमा होतील, म्हणाला.

आत्या माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं विचारलं, "पैसे आपल्याला येनार ना? मग आपला पिन कशाला लागतो?"

"आत्या, तुला यातलं काही कळत नाही. गप बस ना जरा."

मी पिन टाकला. तो म्हणाला, अडकलं वाटतं, परत टाका. मी परत टाकला. मग फोन बंद झाला. मी बँकेचा मेसेज वाचला. खातं जवळपास रिकामं झालं होतं. कणीक मळायचं यंत्र घ्यायला तिनं दीड वर्ष ते पैसे साठवले होते. तिची मनगटं दुखायची.

तिला मी सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे, उद्या दिसतील. सकाळी ती पासबुक घेऊन निघाली. मला सोबत जावंच लागलं.

बँकेत गर्दी होती. रांगेत आमच्या मागं माझ्याच वर्गातली एक मुलगी वडिलांबरोबर उभी होती; तिनं मला क्लासचं काहीतरी विचारलंही. काउंटरवरच्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, पिन कुणी टाकला?"

आत्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्याच टाकला. अडाणी बाई मी, कळलं न्हाई."

साहेब माझ्याकडं वळले. "घरात शिकलेलं पोरगं असून यांना सांगत नाही का रे?"

"सांगितलं होतं, सर," मी म्हणालो.

हे शब्द माझ्या तोंडून किती सहज गेले! तक्रारीचा अर्जही मीच लिहिला. 'माझ्याकडून नजरचुकीने पिन टाकला गेला' असं माझ्या वळणदार अक्षरात लिहून मी कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं सावकाश सही केली. पैसे परत आले नाहीत. पुढची तीन वर्षं ती हातानंच कणीक मळत राहिली. त्यातलं पहिलं वर्ष मी रोज समोर बसून त्या पोळ्या खाल्ल्या.

डॉक्टर काही झालो नाही. आता नांदेडला एका कॉलेजात शिकवतो. मागच्या वर्षी वर्गात मोबाईलवरच्या फसवणुकीचा विषय निघाला. मी पोरांना ही हकीकत सांगितली, पण 'आमच्या नात्यातल्या एका अडाणी बाईची' म्हणून. पोरं हसली. त्या हसण्यानं माझी मलाच किळस वाटली. त्याच शनिवारी लातूरची बस धरली.

आत्या भाजी निवडत होती. मी सगळं बोललो. बँकेतलं, अर्जातलं, वर्गातलंही.

"फसलास त्याचं काय न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या वर्गातली पोरगी मागं हुती, म्हनून मी माझ्यावर घेतलं. वाटलं, घरी आल्यावर तरी बोलशील. म्हैनाभर वाट बघितली, बाबा."

ती आणखी काही बोलेल, निदान रागावेल, असं वाटत होतं. तिनं फक्त मेथीची एक जुडी माझ्या पुढ्यात टाकली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं भाजी निवडत बसलो.