शिकाऊ हात

शैलजा मॅडम गेल्याचं पाटोद्याहून एका नर्सनं फोनवर सांगितलं. ओपीडीतच कोसळल्या. रडू नंतर आलं. आधी आला तो संताप, आणि महिना झाला तरी तो उतरलेला नाही... मॅडम पाटोद्याला होत्याच कशाला?

त्या आमच्या सरकारी रुग्णालयात आम्हा निवासी डॉक्टरांना शिकवायच्या. मणक्यात सुई घालून पाणी तपासायला काढणं, म्हणजे एलपी, हे नवख्याला धडकी भरवणारं काम. बरेच सीनियर ते स्वतःच उरकतात, नाहीतर पेशंट सरळ संभाजीनगरला धाडतात. मॅडम म्हणायच्या, "उद्या तू परळीत एकटी असशील, तेव्हा कुणाला हाक मारशील?"

पाली गावची एक तरुण बाई तापात बरळत आली. मान ताठ. मॅडमनी सुई माझ्या हातात दिली. त्या शेजारी बसून हळू सांगत राहिल्या, "घाई नको. हाड लागलं? मागे घे, जरा डोक्याकडे वळव." सुई आत सरकल्याचं बोटांना कळलं आणि थेंब ठिबकू लागले... गढूळ. मेंदूज्वरच होता. योग्य औषध मिळालं, बाई वाचली.

पण तिचा दीर पुढाऱ्याचा माणूस. टोळकं घेऊन वॉर्डात शिरला. "शिकाऊ पोरीच्या हातात आमच्या बाईची पाठ का म्हून दिली? लुळी झाली असती म्हंजी?" मॅडम माझ्यापुढे आल्या. थप्पड त्यांच्या गालावर बसली. रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी पोलिसांना नाही, मॅडमना बोलावलं. पोरीनं न विचारता केलं असं सांगा, मिटवून टाकू, म्हणाले. "ती मी सांगितलं म्हणून करत होती," मॅडम म्हणाल्या, "आणि नीट केलं तिनं." लगेच पाटोद्याला बदली झाली.

शोकसभेत तेच साहेब "समर्पित व्यक्तिमत्त्व" म्हणाले. मी उठून विचारलं, "मग हाकललंत कशाला?" साहेबांनी चहा मागवला. तो सगळ्यांनी घेतला.

परवा एका ताठ मानेच्या म्हाताऱ्याला पाहून आमचा इंटर्न म्हणाला, "मॅडम, संभाजीनगरला पाठवायला गाडी बोलावू?"

"नाही. आधी तू टेबलावर झोप."

शैलजा मॅडमची ही सवय. शिकणाऱ्याला आधी स्वतः गुडघे पोटाशी घेऊन झोपायला लावायच्या, त्याच्याच कंबरेवर जागा दाबून दाखवायच्या. मी दाबली.

"कळली जागा?"

"कळली. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"डॉक्टर शैलजांनी. शिकवलं म्हणूनच हाकललं त्यांना इथून. ऊठ, हात धू. सुई तू घालायचीस."