दोन पंखांना समान न्याय

आमच्या साडूंइतका न्यायी माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि आपल्या न्यायाने घरच्यांना इतकं जेरीला आणणाराही नाही. मोजणी खात्यात त्यांची उभी हयात भावाभावांच्या वाटण्या करण्यात गेली. निवृत्तीनंतर हातातली जमीन मोजायची साखळी सुटली, वाटणी सुटली नाही. कलिंगड चिरायचं तर आधी दोरीने त्याचा मध्य काढतील. बाजारातून येताना पिशवीचा एक बंद स्वतः धरतील, दुसरा बायकोच्या हाती देतील, आणि "समसमान" म्हणून मगच पाऊल उचलतील. हाती आलेली वस्तू दोन बोटांवर तोलून पाहणं तर जित्याची खोड. एकदा आमच्याकडे जेवताना त्यांनी आमटीची वाटीच तोलली. डाग अजून माझ्या सदऱ्यावर आहे. वाटी काठोकाठ मीच भरली होती, ही चुटपुटही अजून आहे.

श्रीरामपुरातल्या त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत ते रिमोटवर उडणारी थर्माकोलची विमानं करतात. साध्या विमानांना कंटाळले तेव्हा त्यांनी एक पुढे, एक मागे, अशा सारख्याच मापाच्या दोन पंखांचं विमान काढलं. साध्या विमानाचा तोल पंखाखाली बोट धरलं की सापडतो. याचा तोल दोन पंखांमधल्या मोकळ्या जागेत कुठेतरी. साडूंनी पट्टी लावून बरोब्बर मध्यावर खूण केली आणि आतली बॅटरी मागेपुढे करत विमान तिथेच बोटांवर आडवं तरंगवलं. दोन भाऊ, समान हिस्सा! विमानाने मात्र निवाडा मानला नाही. सोडलं की नाक वर करायचं, हवेत क्षणभर थबकायचं आणि शेपटीवर आदळायचं. खोलीभर तुकडे झाले. शेवटी ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीने, बजावलं, "रविवारी उडलं तर उडलं. न्हाईतर खोली मोकळी करा. माझ्या कुरडयांना जागा न्हाई."

रविवारी गहू निघालेल्या रानात आम्ही दोन्ही जोडपी गेलो. पहिल्याच फेकीत विमान शेपटीवर. साडूंचा चेहरा पडला. फेकलं मी होतं, म्हणून मी माफी मागू लागलो.

"तुमचं काय न्हाई, पाव्हणं," ताई म्हणाल्या. "गाडी उलाळलीय."

ताईंच्या माहेरी उसाच्या बैलगाड्या होत्या. मागे ओझं जास्त झालं की जू वर उठतं आणि बैलांचा गळा आवळतो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं.

"वजन जरा म्होरं, धुरेकडं घ्या की."

"म्हणजे पुढच्या पंखाने जास्त उचलायचं? हा अन्याय झाला!"

"अन्याय कसला? चालत्या गाडीत पुढच्याला जास्तच असतं. तुमचं समसमान उभ्या गाडीचं!"

साडूंनी बॅटरी दोन बोटं पुढे सरकवली. आता खुणेवर तोललं तर नाक खाली झुकत होतं. ते बघवेना, म्हणून त्यांनी मान फिरवली आणि मला म्हणाले, "सोडा."

विमान सरळ गेलं. उसाच्या फडावर ऐटीत वळलं, आमच्या डोक्यावरून गेलं, पुन्हा वळलं. साडू हसले नाहीत. रिमोट धरून नुसते वर पाहत राहिले.

"कुरडया खाटंखाली मावत्यात," ताई पुटपुटल्या.

परतताना भाजी घेतली. साडूंनी एका काखेत विमान मारलं, नेहमीप्रमाणे पिशवीचा एक बंद धरला, दुसरा ताईंना दिला. दोन पावलं गेले, थांबले आणि पिशवीतला भोपळा हळूच आपल्या बाजूला सरकवला. 'समसमान' म्हणाले नाहीत.

मागून चालताना मला माझे रिकामे हात दिसले. मी बायकोकडे तिची पिशवी मागितली. तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग दिली. चांगलीच जड होती.