उत्तरमुखी लाईनमधली गॅरेजची दारं

नोकरीत शेकडो पंचनामे केले आणि त्यातले बहुतेक विसरलो. पण नागपूरच्या काटोल रोडकडच्या त्या ले-आउटमधला मे महिना विसरणं मला अजून जमलेलं नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी प्रभारी असलेल्या ठाण्याच्या हद्दीत, संत्र्याच्या बागा कापून पाडलेल्या ले-आउटच्या प्लॉटांवर एक नवी कॉलनी उभी राहिली होती. मधून पूर्व-पश्चिम रस्ता, दोन्ही बाजूंना एकसारखी घरं, प्रत्येक घराला पत्र्याच्या छताचं गॅरेज आणि गॅरेजला रिमोटने वर सरकणारं दार. बटण दाबलं की दार वर जातं, गाडी आत, उन्हात पाय ठेवायची गरज नाही. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की त्या बटणाची किंमत कळते.

त्या कॉलनीत बारा दिवसांत तीन घरफोड्या झाल्या. तिन्ही संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान, घरातले बाहेर गेलेले असताना. दागिने, चांदीची भांडी आणि एका घरातून लॅपटॉप गेला होता. कुठे कुलूप तुटलेलं नाही, खिडकीचा गज वाकलेला नाही. लोक परत आले तेव्हा गॅरेजचं दार बंदच होतं. ठसेतज्ज्ञ आले, पावडर मारली, हात हलवत गेले. एक गोष्ट मात्र तिन्ही फिर्यादींनी सांगितली: गॅरेजमधून घरात जाणाऱ्या दाराला त्यांनी कडी लावलेली नव्हती. माणूस रस्त्यावरच्या दाराला दोन कुलपं लावतो आणि आतलं दार उघडं टाकतो, हे मी नोकरीभर पाहिलं.

तिसऱ्या घराचा पंचनामा चालू असताना एक गृहस्थ जवळ आले. पांढरा शर्ट, खांद्याला नकाशांची बॅग. लेनच्या टोकाचे रिकामे प्लॉट गिऱ्हाइकांना दाखवायचं त्यांचं काम. ऊन जरा उतरलं की रोज येत.

"साहेब, तुम्ही कुलूप काहून पाहून राहिले?" ते हळूच म्हणाले. "ज्यानं हे दारं लावले त्याले विचारा. सगळ्यायच्या रिमोटचा जादूगार तोच आहे."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मीही तिथेच येऊन थांबलो होतो.

दारं बसवणारा मेकॅनिक खापरखेड्याचा. वय पस्तीसच्या आसपास, वडील वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सकाळी आमची जीप त्यांच्या दारात उभी राहिली तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली. वडील बनियनवर उंबऱ्यात उभे होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "जाय गा, साहेबाले सगळं नीट सांग." मुलगा जीपमध्ये बसला. मागे बायका कुजबुजत होत्या. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

चौकशी चार तास चालली. एकच प्रश्न मी दहा प्रकारे विचारला.

"जादा रिमोट किती ठेवलेस?"

"एकबी नाही जी. आणि रिमोटची नक्कलबी होत नाही. दर वेळी बटण दाबलं की आतला नंबर बदलते."

"एवढं कसं माहीत तुला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहेब, माझं कामच आहे ना ते."

हवालदार हसला. मला मात्र त्या उत्तराचा राग आला. ज्याला जास्त माहीत, त्याच्यावर संशय जास्त, हे आमचं जुनं गणित. गेटवरच्या नोंदवहीत त्या दिवसांत त्याचं नाव नव्हतं. मी मनाशी म्हटलं, साथीदार असेल.

शेवटी तो कंटाळून म्हणाला, "मी तर कमिटीले सांगितलं होतं, हा माल इथं घेऊ नका. तीन मॉडेल दाखवले होते. एकाची मोटर तापत नाही, आवाज थोडा जास्त. त्याचं सेन्सर टोपीवालं. पण त्यायले हे दिसायले चांगलं वाटलं, मोबाईलवरूनबी चालते म्हणून. नागपूरच्या उन्हात हे टिकत नाही, हे मी लिहून दिलं होतं साहेब."

मी ते लिहून घेतलंसुद्धा नाही. मला चोर हवा होता. त्याला संध्याकाळी सोडलं आणि रोज ठाण्यात हजेरी द्यायला सांगितलं. चार दिवसांत त्याची तीन कामं रद्द झाली, हे पुढे कळलं.

पाचव्या दिवशी ठाण्यात एक बाई आल्या. सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, पासष्टीतही स्वतः गाडी चालवणाऱ्या. घर त्याच लाईनमध्ये.

"चोरी नाही झाली माझ्याकडे," त्या खुर्ची ओढत म्हणाल्या. "पण माझं दार पागल झालं आहे. सकाळी शहाणं राहते. संध्याकाळी मी गाडी काढली, बटण दाबलं की खाली येते आणि पुन्हा वर जाते. मी आरशात पाहिलं म्हणून कळलं. बाकीचे लोक बटण दाबतात न् निघून जातात. मागं कोण पाहते?"

मी खुर्चीतून उठलोच. "रोज?"

"दिवाळीत लावलं तेव्हा ठीक होतं. एप्रिल संपला तसं चालू झालं. आणि गंमत पहा, मी घरी येते तेव्हा बंद असते!"

मी तिन्ही फिर्यादींचे पत्ते पुन्हा काढले. तिन्ही घरं रस्त्याच्या एकाच बाजूची, उत्तरमुखी. वास्तुशास्त्राच्या हौसेने लोकांनी मुद्दाम मागून घेतलेली. समोरच्या लाईनमध्ये एकही चोरी नाही. चाळीस अंशांत मी हवालदाराला जीप काढायला सांगितलं आणि वाटेतच मेकॅनिकला फोन लावला. या वेळी बोलावणं नव्हतं, विनंती होती.

तो आला. बाईंच्या गॅरेजसमोर साडेपाचला आम्ही उभे होतो. दाराच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन छोटे डोळे, तेच सेन्सर. एक किरण सोडतो, दुसरा पकडतो. मध्ये कुणी आलं तर दार माणसावर पडू नये म्हणून परत वर जातं. मेच्या संध्याकाळी सूर्य पश्चिमेच्या जरा उत्तरेला सरकतो, आणि तिरपं ऊन पकडणाऱ्या डोळ्यावर सरळ येतं. मेकॅनिकने त्यावर तळहात आडवा धरून सावली केली. दार शहाण्यासारखं खाली आलं. हात काढून दार पुन्हा बंद करून पाहिलं, तर निम्म्यावरून मागे फिरलं.

"उन्हानं आंधळं होते जी ते," तो म्हणाला. "त्याले वाटते मध्ये कोणी आहे. मग ऊन टाकीमागं गेलं, डोळ्याले मधलं मोकळं दिसलं, की मोटर स्वतःच ते बंद करते."

लेनच्या पश्चिम टोकाला पाण्याची उंच टाकी होती. म्हणजे पाऊण तास दार सताड उघडं, आणि मग स्वतःच बंद. चोराला रिमोटची गरजच नव्हती! त्याला फक्त ती वेळ माहीत असायला हवी होती. मी अक्षरशः टाळी वाजवली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा आनंद मला दोन-तीनदाच झाला असेल.

दुसऱ्या दिवशी सापळा लावला. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर पडद्याआड मी, एक शिपाई आणि मेकॅनिक. बाईंनी आतल्या दाराला आमच्या सांगण्यावरून कडी आणि कुलूप लावलं, गाडी काढली, बटण दाबलं आणि हवालदाराला शेजारी बसवून बाजाराकडे निघून गेल्या. दार खाली आलं आणि परत वर गेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. घाम डोळ्यांत उतरत होता.

सहा मिनिटांनी लेनच्या टोकाकडून एक माणूस चालत आला. घाई नाही. पांढरा शर्ट, खांद्याला नकाशांची बॅग. बाईंच्या गॅरेजपाशी थांबला, रुमालाने कपाळ पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आत गेला.

"बाप्पा!" मेकॅनिकच्या तोंडून निघालं. ज्याचा शब्द प्रमाण मानून मी जीप खापरखेड्याला नेली, तो हाच.

आम्ही जिना उतरत होतो तेवढ्यात अंगणातली सावली बदलली. मेमध्ये संध्याकाळी कधीकधी चढतो तसा एक ढग सूर्यावर आला. आंधळ्या डोळ्याला एकदम दिसायला लागलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत दार सर्रकन खाली आलं. बंद! मोटर एकदा घरघरली आणि गप्प झाली.

"तापून बसली," मेकॅनिक धावतच म्हणाला. "आता अर्धा तास हलत नाही. आतलं बटणबी मेलं."

आतून दार बडवायचा आवाज सुरू झाला. आधी धमक्या, मग विनवण्या. "खोला गा! मी मरून राहिलो!" दिवसभर तापलेला पत्रा, खिडकी नाही, आतलं दार कुलूपबंद. घराची चावी बाईंच्या पर्समध्ये. हवालदाराला फोन लावला. यायला दहा मिनिटं तरी लागणार होती. माझ्या शिपायाने दाराला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. आतला आवाज बारीक होत गेला. मग थांबला.

माझ्या ताब्यात यायच्या आधीच एक माणूस माझ्यासमोर, एका पत्र्यापलीकडे जातो की काय, या विचाराने मी रुग्णवाहिकेला फोन लावला.

मेकॅनिक तापलेल्या काँक्रीटवर पालथा पडला, गाल जमिनीला टेकवून दाराखालच्या फटीला तोंड लावलं आणि ओरडला, "भाऊ! ऐकून राहिले का? वर पहा! छताच्या पट्टीला लाल दोरी गुंडाळून आहे. तीच ओढा! जोरात, खाली!"

उत्तर नाही.

"भाऊ, झोपू नका! लाल दोरी! बॅग खाली ठेवा, तिच्यावर चढा!"

काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग खट्ट, आणि मोटरची दारावरची पकड सुटली. मेकॅनिकने शर्ट काढून हाताला गुंडाळला, मी रुमाल, आणि दोघांनी मिळून दार उचललं. तो माणूस आमच्या पायांशी कोसळला. दार उघडल्यावर पाचव्या मिनिटाला बाई पोहोचल्या आणि त्या क्षणी पुन्हा मेट्रन झाल्या. ओले पंचे, बर्फ, पाय वर. त्यांनी आम्हाला असं हाकललं की मी इन्स्पेक्टर आहे हे मीच विसरलो. रुग्णवाहिका आली तेव्हा तो शुद्धीवर होता.

त्याने सगळं कबूल केलं. एप्रिलच्या अखेरीस गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवताना त्याने एक दार परत उघडताना पाहिलं होतं, आणि मग रोज घड्याळ लावून पाहत राहिला. बहुतेक मुद्देमाल मिळाला. कॉलनीच्या बैठकीत मलाही बोलावलं. मेकॅनिकने पुन्हा तेच सांगितलं: उन्हात न तापणारी मोटर घ्या, सेन्सर टोपीचं आणि सावलीच्या बाजूला लावा, बॅटरी पत्र्याखाली टांगू नका, फुगते, लाल दोरी हाताला येईल अशी सोडा, आणि दार पूर्ण बंद झाल्याशिवाय गाडी हलवू नका. या वेळी सगळे कागद-पेन घेऊन बसले होते.

बैठकीनंतर मी त्याला विचारलं, "त्यानंच तुझं नाव घेतलं होतं, हे तू दाराशी पालथा पडलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"अंदाज आला होता जी, तुमच्या तोंडाकडं पाहून."

"मग?"

"मग काय साहेब. आतमध्ये माणूस होता ना."

त्या रविवारी मी सरकारी जीप घेऊन, पूर्ण गणवेशात, खापरखेड्याला गेलो. गल्ली पुन्हा बाहेर आली. वडील त्याच उंबऱ्यात आले. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तुमच्या मुलाचा काही दोष नव्हता, चूक माझी झाली, आणि त्याने एकाचा जीव वाचवला. म्हातारबुवांनी खुर्ची बाहेर आणली, स्वतःच्या पंच्याने पुसली आणि म्हणाले, "बसा साहेब. तुमाले उन्हाचं यावं लागलं."

मी त्याला चार तास एकच विचारत होतो, तू दार कसं उघडलंस. दार का उघडतं, हे विचारलं असतं तर त्याने मला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं असतं. उरलेल्या दोन वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला मी आधी त्याच्या कामाबद्दल विचारलं, आणि उत्तर संपेपर्यंत पेन खाली ठेवलं नाही.