स्थानकाची रिंग बसेना

रिंग बसेना. चौघांनी अंतराळयानाचं मॉडेल रुळावरून मागं घेतलं, पुन्हा पुढं ढकललं. यानाचं नाक रिंगच्या तोंडाशी आलं आणि ठक्कन थांबलं. प्रदर्शन तीन दिवसांवर आलं होतं. आमच्या फौंड्रीचे मालक आप्पासाहेब बाजूला उभे होते.

"रिंगचा पॅटर्न तुझा न्हवं, दस्तगीर?"

"व्हय, मालक."

"आणि नाकाचा?"

"माझा," मी म्हणालो.

रिंग का चुकली, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं.

त्र्याऐंशी साल संपत आलं होतं. पुढच्या वर्षी आपला माणूस रशियन यानातून अंतराळात जाणार, असं पेपरात सारखं येत होतं. वर त्यांचं एक स्थानक पृथ्वीभोवती फिरत होतं. यानानं त्याला गाठायचं, यानाचं नाक स्थानकाच्या रिंगमध्ये नेमकं बसायचं, मग मधली दारं उघडून माणसं पलीकडं जायची. नाक बसलं नाही तर तसंच परत यायचं. आप्पासाहेबांच्या डोक्यात आलं, की हाच जोड चालता करून औद्योगिक प्रदर्शनात मांडायचा. इंजिनाचे ब्लॉक काय, सगळेच मांडतात.

मी पॅटर्नमेकर. कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती लाकडात करावी लागते. तो पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा करतात आणि साच्यात धातू ओततात. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवायचा. त्यासाठी आमची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर मुद्दाम किंचित लांब केलेला. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची पट्टी निराळी, अॅल्युमिनियमची निराळी. अॅल्युमिनियम जास्त आकसतं.

दस्तगीर कुरुंदवाडचा. माझ्यानंतर आठ वर्षांनी लागला. माझ्याकडं आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, त्याच्याकडं काही नव्हतं. पण पावणे आले की आप्पासाहेब त्यांना त्याच्या टेबलापाशी न्यायचे, त्याच्या पॅटर्नवरून हात फिरवून म्हणायचे, "बघा, लोणी हाय लोणी." माझं टेबल वाटेतच होतं. तिथं कोणी थांबत नसे. दस्तगीरनं मला कधी कमी लेखलं असतं तर बरं झालं असतं. तो उलट सगळ्यांना सांगायचा, "दत्तोबांच्या हाताखाली शिकलो." ते तर मला अजिबात सोसायचं नाही.

प्रदर्शनानंतर पॅटर्न शॉपला एक हेड नेमायचा होता. मी नाहीतर दस्तगीर, तिसरा कोणी नव्हता.

एकदा चहाच्या वेळी वाळूचे साचे करणारा शंकर मोल्डर पेपर वाचत होता. "दोघं गेल्यात शिकाय, आणि वर जाणार एकच. मग दुसऱ्यानं काय करायचं?"

"रुमाल हलवायचा की," दस्तगीर म्हणाला.

सगळे हसले. मी चहा संपवून उठलो.

त्याच दिवशी दुपारी आप्पासाहेबांनी मला पॅसेजमध्ये गाठलं. "दत्तोबा, बीड नको. एवढं वजन यानाची मोटार ओढायची न्हाय. दोन्ही पार्ट अॅल्युमिनियममधी ओतू. दस्तगीरला सांग."

"सांगतो."

मी आत गेलो. दस्तगीर रिंगचे तुकडे चिकटवत होता. पुढ्यात बिडाची पट्टी होती.

"काय म्हणत हुते मालक?"

"काय न्हाय. लवकर उरका म्हणाले."

मी माझ्या टेबलाशी गेलो, अॅल्युमिनियमची पट्टी काढली आणि नाक नव्यानं आखायला घेतलं. आमच्यात चार हातांचं अंतर होतं. पॅटर्न तयार व्हायला पाच दिवस लागले. पाच दिवसांत एक वाक्य बोलायला सवड मिळाली नाही, असं मी म्हणू शकत नाही.

तर रिंग बसेना त्या दिवशी आप्पासाहेबांनी स्वतः माप घेतलं. रिंग जवळजवळ दोन मिलिमीटर कमी भरली. ते माझ्याकडं वळले.

"धातू बदलला म्हणून ह्याला सांगितलं हुतंस न्हवं?"

"सांगितलं होतं की."

दस्तगीरनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग तो रिंगकडं बघत म्हणाला, "सांगितलं असंल, मालक. माझ्याच ध्यानातनं गेलं."

पुढचे दोन दिवस तो रिंगपाशी बसून होता. आतून निळा रंग लावायचा, नाक टेकवून बघायचं, जिथं घासलं तिथं कानस मारायची. तिसऱ्या दिवशी नाक असं आत गेलं, की फटीत कागद शिरला नसता. प्रदर्शनात लोक रांग लावून तो जोड बघत होते. माझं नाक कोणी पाहिलं नाही. मी मात्र त्याचं कानसकाम बघितलं आणि पुन्हा जळलो.

हेड मला केलं. आप्पासाहेबांचं म्हणणं साधं होतं. सांगितलेलं ज्याच्या ध्यानात राहत नाही, तो दुसऱ्याचं काम काय तपासणार?

पुढच्या वर्षी आपला माणूस वर गेला. वरचा जोड नीट बसल्याची बातमी आली, तेव्हा फौंड्रीत पेढे वाटले. दस्तगीरनं पेढा आधी मला दिला.

पण मी हेड झाल्यावर त्याला पहिलं काम दिलं, तेव्हा त्यानं ते हातात घेतलं नाही. ड्रॉइंग माझ्यापुढं ठेवलं, पेन्सिल ठेवली. "धातू लिवा, हेडसाहेब. खाली सही करा."

मी लिहिलं. सही केली. त्यानंतर प्रत्येक कामाला तो हेच म्हणायचा, त्याच आवाजात. एका चुकीनं माणूस सावध झाला, असं बाकीच्यांना वाटलं. आप्पासाहेबांना ही पद्धत एवढी पटली, की त्यांनी ती सगळ्या शॉपला लावली. ती मीच सुरू केली असं समजून चार माणसांत माझं कौतुकही केलं. मी ते ऐकून घेतलं.

दस्तगीर मागच्या वर्षी काम सोडून कुरुंदवाडला गेला. मी अजून हेड आहे. नवीन माणूस लागला की त्याला पहिल्या दिवशी बजावतो, धातू लिहून घे, सही घे, तोंडी सांगणाऱ्यावर विसंबू नको. माझ्यावरसुद्धा. शेवटचं वाक्य ऐकून ते हसतात. त्यांना तो माझा साधेपणा वाटतो.