हरण्याचं नशीब

"आधी माका एक सांग, मुनीर. हरुक पण नशीब लागता?"

जनार्दन एसीवाल्याचा गुडघा त्या दिवशी नारळाएवढा सुजला होता आणि मुनीर स्टोअरवाला त्याला न्याय समजावून सांगत होता. ओमानमधल्या दुक्मच्या कामगार कॅम्पात त्यांच्या खोलीतली खालची एक खाट रिकामी झाली होती. सहाही जणांना ती हवी होती. खरं तर दुखरा गुडघा घेऊन रोज वरच्या खाटेवर चढायचा तो एकटा जनार्दन. पण गुडघ्याकडे बघून खाट दिली तर पक्षपात झाला असता. म्हणून मुनीरने मोबाइलवरच्या पोकरमधून बॅड बीट जॅकपॉट नावाचा नियम आणला. शुक्रवारी चण्यांवर तीन पत्ती चालायचीच. तीन सारखी पानं, म्हणजे ट्रेल, हातात असून जो त्याहून मोठ्या ट्रेलला हरेल, खाट त्याची. तोवर त्या खाटेवर मुनीरच्या गावी न्यायच्या पेट्या राहतील. आता कुठेतरी त्या ठेवायला हव्यातच की. नवा माणूस तिथे येऊ नये म्हणून कॅम्प बॉसला खाट मोडकी असल्याचं कळवलं होतं.

सगळ्यांनी मान डोलावली. हरण्यात जनार्दनाचा हात धरणारा कोण होता? मस्कत सांगून एजंटाने त्याला दुक्मात उतरवला होता. त्याची रजा मंजूर झाली की नेमकं विमान रद्द व्हायचं. खाट त्यालाच लागणार, असं जो तो म्हणे.

पण मेख तिथेच होती. असं हरायला आधी राजासारखी पानं यावी लागतात, आणि जनार्दनाला तर साधी जोडी दिसायची मारामार. शेवटी मुनीरनेच मोबाइलवर हिशेब मांडला. कुणा एकाला तरी हा जॅकपॉट लागायला साधारण अकरा हजार डाव, म्हणजे शुक्रवार-शुक्रवार करत चारेक वर्षं. जनार्दनालाच लागायचा तर पंचवीस. कंत्राट दोन वर्षांचं होतं. "इन्शाल्ला," मुनीर म्हणाला आणि पेटीवर पाय टाकून आडवा झाला.

जनार्दन आठ महिने वर चढला, खाली उतरला. मग एका शुक्रवारी दुपारी त्याला तीन राण्या आल्या.

जन्मात चार चणे न लावणाऱ्या माणसाने मूठभर चणे पुढे ढकलले. ते बघून चौघांनी पानं टाकली. उरला मुनीर. त्याने आपली पानं बघितली, जनार्दनाचे चणे बघितले, पेट्यांवर नजर टाकली, आणि जनार्दन 'शो' मागायच्या आत पानं पालथी टाकून पॅक केलं.

जनार्दन जिंकला. लोकांनी पाठ थोपटली. जिंकेल त्याने पिसायचं, म्हणून त्याने पानं गोळा केली. मुनीरची तीन पानं वरच होती. तीन बादशहा.

त्याने ती मुनीरपुढे मांडली. "पॅक केलेली पानं धरत नाहीत, भाऊ. खलास," मुनीर म्हणाला, आणि नियम होताच तसा. जनार्दनाने चणे खाल्ले आणि गुडघा धरून वर चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरचा एसी बंद पडला. मुनीर घामाने निथळत जनार्दनाच्या कामाच्या शिडीपाशी आला.

जनार्दनाने नट खोलायचे पाने शोधून खिशात घातले. "येतंय मा. पण तुझो नंबर अकरा हजारात एकदा लागतलो. वाट बघ."

आणि शिडी खांद्यावर टाकून, लंगडत, तो मेसचा एसी बघायला गेला.